तुझी कामं तूच कर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. पुण्यात बसून जपानीच्या परीक्षेची एन-थ्री ही मधली पातळी काढलीस आणि आता टोकियोत आल्यावर कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, पोराचं एक वाक्य कळत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं म्हणतेस. अगं, ती परीक्षा वाचायला आणि ऐकायला लावते. बोलायला एक शब्दही लावत नाही. त्यामुळे तुझं सर्टिफिकेट खोटं नाही, फक्त त्यात तोंड उघडण्याचा पेपरच नव्हता. तो आता सुरू झालाय.

वॉर्ड ऑफिसला टीममधला मित्र सोबत येणार म्हणालीस. येऊ दे, पण त्याला मागच्या खुर्चीवर बसव. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो. नंबराची चिठ्ठी घ्यायची, अर्ज भरायचा, झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, द्यायचं, त्याच्या पाठीमागे नवा पत्ता छापून मिळतो. इतकंच काम आहे. अडलं तर ‘यासाशी निहोंगो दे ओनेगाई शिमास’, म्हणजे ‘सोप्या जपानीत सांगा’, म्हण. 1995 च्या कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांपर्यंत सूचना नीट पोचल्या नाहीत, त्यानंतर ही सोप्या जपानीची कल्पना रुजली. आता बऱ्याच सरकारी काउंटरांवर ती माहीत असते. तुझ्या मित्राने एकदा तोंड उघडलं की काउंटरवरची बाई तुझ्याकडे बघायचीच थांबेल. पुढे बँक, डॉक्टर, गॅसवाला, सगळीकडे तेच होईल. पाच-पाच वर्षं इथे राहूनही कुरिअरची चिठ्ठी मित्राला फोटो काढून पाठवणारे लोक मला माहीत आहेत. हुशार आहेत सगळे.

त्याच अर्जावर एक भानगड आपल्या खास मराठी नावांची आहे. पासपोर्टवर तुझ्या नावाला चिकटून वडिलांचं नाव आहे, आणि इथे चौकटी दोनच: आडनाव आणि नाव. कार्डावर पासपोर्टप्रमाणे सगळी लांबण रोमन अक्षरांत येते, पण बँकेत, दवाखान्यात ते काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहावं लागतं. काताकानात ‘ल’ चा ‘र’ होतो, ‘व’ चा बहुधा ‘ब’. स्पेलिंग एकदाच ठरव, कागदावर लिहून पाकिटात ठेव आणि सगळीकडे तेच दे. एका ठिकाणी वडिलांसकट आणि दुसरीकडे वडिलांविना असं झालं, की पगाराचं खातं आणि कागद जुळत नाहीत. दवाखान्यात नर्स कुठल्या नावाने हाक मारेल याचाही नेम नाही. कान उघडे ठेव.

आता कोंबिनी. पुस्तकांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं, इथे प्रश्न तुला विचारले जातात, तेही आदरार्थी भाषेत आणि भरधाव. पण ते प्रश्न मोजकेच असतात: पॉइंट कार्ड आहे का, गरम करू का, चॉपस्टिक हवेत का, पिशवी हवी का. (जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न हमखास.) आधी त्यांची वाक्यं पाठ कर, तुझी उत्तरं नंतर. आणि न कळता ‘हाय, हाय’ (हो, हो) म्हणून मान हलवू नकोस. कोंबिनीत फार तर इडली नको तेवढी गरम होऊन मिळेल म्हटलं असतं, पण इथे इडली कुठली. दवाखान्यात मात्र ही सवय महागात पडते. ‘मो इचिदो’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’, म्हणायला लाज कसली?

वाक्य मनात जुळवताना इंग्रजीकडे जाऊ नकोस. क्रियापद शेवटी आणि आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘हून’सारखे तुकडे शब्दाच्या मागे, हे सगळं जपानीत मराठीसारखंच आहे. इंग्रजीतून शिकणारे ज्या वळणावर वर्षभर अडखळतात, तिथून तू सरळ चालत जाशील. सांभाळायचं ते ऱ्हस्व-दीर्घ. आपण मराठी लोक बोलताना ते गिळतो. इथे ‘ओबासान’ (काकू) आणि ‘ओबाआसान’ (आजी) यांत गल्लत केलीस तर शेजारच्या पन्नाशीच्या बाईंना आजी करून टाकशील.

त्या शेजारच्या बाई तुझ्या खऱ्या शिक्षिका आहेत. कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्डाकडून मिळतं, जळणारा अमुक वारी, न जळणारा तमुक वारी. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून वेगळं करायचं. टोकियोत बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या आत पिशवी बाहेर हवी. चुकलं तर पिशवीवर स्टिकर चिकटवून ती तशीच ठेवून जातात आणि सगळ्या इमारतीला कळतं. रोज त्याच वेळी कचरा टाकायला जा, ‘ओहायो गोझाइमास’ (सुप्रभात) म्हण, आणि एक दिवस विचार की ही बाटली कुठल्या पिशवीत. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त बोलणं तिथे होईल. वॉर्डातल्या कम्युनिटी हॉलमध्ये निवृत्त लोक स्वेच्छेने जपानी शिकवतात, फी नसते किंवा नावापुरती असते. तिथेही जा. ‘तुमचं जपानी किती छान!’ असं तिथले आजोबा दुसऱ्या मिनिटाला म्हणतील. ते गुण समजू नकोस, तो शिष्टाचार आहे.

मांस-मासे खात नाहीस, तर ‘निकु नाशी’ (मांस नको) एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप, उदोन नूडल्सचं पाणी, बहुतेक सगळीकडे माशाची दाशी, म्हणजे माशाचं उकळलेलं पाणी, असते. ‘साकाना’ (मासा) आणि ‘दाशी’ दोन्ही शब्द वाक्यात हवेत.

निशी-कासाईला, टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, राहायला जाऊ का, असंही विचारलंस. जा की. मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं जवळ, भारतीय किराणा जवळ, गणपतीत आरतीला माणसं. पुण्यातून आलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, म्हणजे तिथे राहिलं की जपानी येत नाही असं काही नाही. फक्त शनिवार-रविवार दोन्ही आपल्याच माणसांत घालवू नकोस.

रोजच्या वापरातल्या दोन हजार एकशे छत्तीस कांजींची, म्हणजे चिनी चित्राक्षरांची, चिंता सध्या सोड. एसीच्या रिमोटवरच्या, राइस कुकरवरच्या आणि स्वतःच्या पत्त्यातल्या आधी वाच. तुझ्या भागातलं भूकंपातलं आश्रयस्थान कुठली शाळा आहे, तेही या आठवड्यात चालत जाऊन बघून ये. पोलिसांना 110, अँब्युलन्स आणि आग 119.

वॉर्ड ऑफिसातून आलीस की काउंटरवर काय काय विचारलं ते मला लिहून पाठव. जपानीत लिही, मी लाल शाईने परत पाठवीन.

तुझा,
काका