स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याचं ऑपरेशन) होऊन चार वर्षं झाली, वजन परत वाढतंय आणि रात्री जळजळही होते. आता जठराची बायपास करून घ्यावी का?

जळजळीसाठी असेल तर बायपासचा विचार जरूर करा, नुसत्या वाढलेल्या वजनासाठी मात्र घाई नको. मी बॅरिएट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या) विभागात आहारतज्ज्ञ आहे. दोन उशा घेऊन झोपणारे आणि तरीही पहाटे घशात आंबट पाणी आलं म्हणून दचकून उठणारे स्लीव्हचे रुग्ण माझ्या पाहण्यात नेहमीचे. स्लीव्हमध्ये जठराची अरुंद नळी उरते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. रू-एन-वाय बायपासमध्ये वर जेमतेम ३० मिली.ची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे आम्ल आणि पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून लांब राहतात. (मिनी बायपास वेगळी, तिच्यात पित्त वर येऊ शकतं. नावं सारखी म्हणून गल्लत नको.)

वजनाचं गणित एवढं सरळ नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर घट सहसा पहिल्याइतकी होत नाही, गळती-रक्तस्रावाचा धोका मात्र जास्त. म्हणून आधी:

- एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे: नळी फुगली आहे का, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का
- दोन आठवडे खाल्लेल्या-प्यायलेल्याची प्रामाणिक नोंद, गोड पेयांसकट

नळी ठीक असेल तर वजनाची औषधं आधी विचारा. आणि सिगारेट सुटत नसेल किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं रोज लागत असतील, तर बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची भीती असते. हे सर्जनना आधीच सांगा.