राजकीय नेत्यांनी शाळेतल्या मुलांना मोटिव्हेशनल भाषणं द्यावीत का?

यावं की, खुशाल यावं, पण ते मोटिव्हेशन तेवढं घरी ठेवून यावं. मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला शाळेत शिकवतो, त्यामुळे हे प्रकार भरपूर बघितलेत. कार्यक्रम दहाचा, पोरं साडेनऊपासून ग्राउंडवर, लेझीमवाली पोरं वेगळी उन्हात ताटकळत, साहेब उगवणार बाराला, मग शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन (फॅनच्या वाऱ्याने वात विझते ती विझतेच), प्रास्ताविक, आणि मग "स्वप्नं मोठी बघा, मोबाईल कमी वापरा", तेव्हा मागे अर्धे कार्यकर्ते मोबाईलवर शूटिंग करत असतात. पाचवीतल्या पोराचं लक्ष बिस्किटपुड्याकडे.

लोक लगेच कलामांचं नाव घेतात. अहो पण त्यांना कुठल्या वॉर्डातून निवडून यायचं नव्हतं! अमेरिकेत २००९ मध्ये ओबामांनी शाळकरी मुलांसाठी भाषण केलं, त्यात मन लावून शिका एवढंच होतं, तरी शाळेत राजकारण घुसवताय म्हणून काही पालकांनी पोरं घरी ठेवली. आपल्याकडे २०१८ पासून परीक्षा पे चर्चा चालू आहे, त्यात मुलं प्रश्न विचारतात हे मला आवडतं, पण ते आधी मागवून निवडलेले असतात, तिथे मजा जाते.

खरी मजा मी एकदाच बघितली. काही वर्षांपूर्वी एक नगरसेवक आले होते, भाषण सुरू व्हायच्या आत सहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, काका, आपल्या गेटसमोर स्पीडब्रेकर का नाही? आमच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा. पण त्या माणसाने कागद खिशात टाकला आणि सांगायला लागला, अर्ज पथ विभागात जातो, वाहतूक पोलिसांना विचारावं लागतं, पैसे बजेटमधून येतात, बजेट आयुक्त मांडतात, मग स्थायी समिती, मग मुख्य सभा, आणि कुठे काय अडतं तेही. एरवी चुळबुळ करणारी पोरं गप्प ऐकत होती, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मला हे कधी जमलं नाही. स्पीडब्रेकर झाला नंतर, पांढरे पट्टे मारायचे राहिलेत अजून.

म्हणून म्हणतो, नेत्याने वर्गात यावं, बॅनर आणि फोटोग्राफर बाहेर ठेवावेत, पोरांनी काय वाट्टेल ते विचारावं, त्याने स्वतःच्या कामाबद्दल बोलावं. निवडणूक तोंडावर आली की मात्र कुणीच नको, पक्ष कुठलाही असो.