दादरच्या कोठीतली किल्ली

यावल तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांचे वय 61. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते घरची केळीची बाग पाहतात. दोन महिन्यांपासून त्यांच्या छातीत मध्येच धडधडते, पण दवाखान्यात काढलेला ईसीजी नॉर्मल आला. जळगावच्या डॉक्टरांनी 24 तासांचे होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद घेणारे अंगावरचे यंत्र, लावले; त्यात ठोके काही वेळा अनियमित दिसले, म्हणून आता सात दिवसांचे यंत्र लावायचे ठरले आहे. भगिनी लिहितात, ‘माझा भाऊ झोपेतच गेला. रात्री मी यांचे मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजते. वावरात जाऊ देत नाही, गाडीची किल्ली दादर ज्वारीच्या कोठीत लपवली आहे. तंबाखू सोडली म्हणतात, खरे-खोटे देव जाणे. आता ते माझ्याशी धड बोलतही नाहीत. माझे काय चुकते?’

ताई, तुमच्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. किल्लीच्या बाबतीत मात्र मी यजमानांच्या बाजूने आहे, आणि तेही केवळ त्यांची दया येते म्हणून नव्हे. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचे हृदय पाहतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते, आणि त्या लाखातले बिघडलेले ठोके नेमके त्या दहा सेकंदांत सापडावेत हा योगायोगच म्हणायचा. म्हणून तर यंत्र अंगावर बांधून माणसाला घरी पाठवतात. (अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांचे 1940च्या दशकातले पहिले यंत्र सुमारे 38 किलोंचे होते आणि ते पाठीवर वाहावे लागे, आजचे खिशात मावते.) यंत्राला पाहायचा असतो तो त्या माणसाचा नेहमीचा दिवस: पहाटे उठून ठिबक सुरू करणे, बागेत वाकून काम करणे, दुपारी कळण्याची भाकरी खाऊन आडवे होणे. सात दिवस तुम्ही त्यांना पलंगावर बसवून ठेवलेत, तर नोंद होईल ती पलंगावर बसलेल्या माणसाच्या हृदयाची. ज्या कामात धडधड होते ते काम तेवढे निसटेल आणि कदाचित सगळे पुन्हा करावे लागेल. भोवळ किंवा शुद्ध हरपल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तसे एकदाही झाले असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारेपर्यंत किल्ली कोठीतच राहू द्या.

आता मनगटाविषयी. ठोके वेडेवाकडे पडताहेत एवढे बोटांना कळते, ते कशामुळे हे कळत नाही. निरोगी हृदयातही एखादा ठोका वेळेआधी पडतो आणि त्यानंतरच्या थांब्यामुळे तो गळल्यासारखा वाटतो. हे बहुधा निरुपद्रवी असते. याउलट हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरू लागले, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तर तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. त्यावर रक्त पातळ करणारी औषधे आहेत, पण ती कोणाला द्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह पाहून डॉक्टर ठरवतात. हा निवाडा अंधारात, घड्याळाकडे बघून होत नाही. भाऊ गेला तेव्हा शेजारी कोणी जागे नव्हते, ही खंत तुम्ही यजमानांच्या मनगटावर फेडता आहात, असे पत्र वाचताना मला वाटले. तुम्ही जाग्या राहिलात म्हणून ठोका सरळ पडत नाही, ताई. आणि तुम्ही झोपलात म्हणून तुमचा भाऊ गेला नाही.

छातीत दुखले, दम लागला, शुद्ध गेली, तोंड वाकडे झाले किंवा जीभ जड झाली, तर यंत्राकडे पाहत बसू नका; लगेच 108 ला फोन करा. एरवी आपल्याकडच्या उन्हात घामाने छातीवरच्या पट्ट्या सुटतात तेवढे पाहा, सैल सुती बंडी घालायला द्या, आणि अंघोळ चालेल की नाही हे यंत्र लावणाऱ्यालाच विचारा, कारण सगळी यंत्रे सारखी नसतात.

यंत्राबरोबर नोंदी ठेवायला सांगतात: धडधड किती वाजता झाली, तेव्हा काय चालले होते, चहा, गोळ्या, झोप. ती वही यजमानांनाच लिहू द्या आणि सातही दिवस उघडून पाहू नका. तंबाखूतल्या निकोटीनने ठोक्यांवर परिणाम होतो, त्यामुळे चिमूट घेतली असेल तर ती आणि तिची वेळ डॉक्टरांना कळायला हवी. तुम्ही वाचणार असाल, तर ते ती लिहिणार नाहीत. किल्ली मात्र आज संध्याकाळीच आपल्या हाताने द्या. कुठे ठेवली होती, हे त्यांना बहुधा पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.