पॅच काढला, लाल चौकोन राहिला

ऑक्टोबर हीट सुरू झाली की ओपीडीत दरवर्षी हेच बघते, कोणीतरी शर्ट वर करून नाहीतर पदर बाजूला घेऊन पाठ दाखवतं आणि पाठीवर पट्टीने आखल्यासारखा लाल चौकोन. यावेळी वाचकांचे बरेचसे प्रश्न पण तेच, दुखण्यावरचे पॅच आणि त्याने अंगावर उठलेलं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पहिल्या ताईंना उत्तर लांबलचक देतेय कारण त्यांचं जे झालं ते घरोघरी होतं.

प्रश्न : मॅडम, मी भांडुपला राहते, वय ५२, रोज फोर्टला कामाला जाते. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याचा पॅच आणला, सकाळी साडेसहाला लावला आणि रात्री नऊला काढला तर बरोब्बर पॅचच्या मापाचा लालभडक चौकोन, नुसती आग होतेय. दुपारी ऑफिसात जास्त दुखलं म्हणून पॅचवरूनच गरम पाण्याची पिशवी पण धरली होती. सासूबाई म्हणाल्या टूथपेस्ट लाव, लावली, तर अजून चुरचुरलं. मला पॅचची ॲलर्जी आहे का? आता कधीच लावायचा नाही का?

उत्तर : ताई, आधी ती टूथपेस्ट साध्या पाण्याने धुऊन टाका. सासूबाईंनी काळजीपोटीच सांगितलं, पण बऱ्याच टूथपेस्टमध्ये मेन्थॉल असतं आणि बहुतेक तुमच्या पॅचमध्ये पण तेच आहे, म्हणजे भाजल्या जागी परत तेच लागलं. हळद, चुना, लिंबू, बर्फाचा खडा, यातलं काहीच नको. नळाच्या गार पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून पिळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं वर ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. मग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. खाज असेल तर कॅलामाइन चालेल. परकराची नाडी नेमकी तिथेच काचत असणार, तेव्हा दोन-तीन दिवस घरी सैल गाऊन घाला. फोड आला तर फोडू नका, ती वरची कातडी म्हणजे खालच्या जखमेवरचं झाकण आहे.

आता ॲलर्जीचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ही ॲलर्जी वाटत नाही, हे भाजणं आहे. पाकीट अजून कचऱ्यात गेलं नसेल तर उलटं करून वाचा, मेन्थॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट (बामाचा जो ओळखीचा वास येतो ना, तो याचाच) आणि कधीकधी कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखटपणा. ही औषधं कातडीला थोडं डिवचूनच काम करतात. असे बरेच पॅच जास्तीत जास्त आठ तासांसाठी असतात, तुमचा साडेचौदा तास राहिला, त्यात लोकलमधला घाम पॅचखाली अडकून कातडी भिजून मऊ पडली आणि वरून गरम पिशवी. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात आणि औषध भसाभस आत जातं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं) २०१२ मध्ये याच औषधांबद्दल इशारा दिला होता की दुकानात सहज मिळणाऱ्या अशा क्रीम आणि पॅचनी क्वचित पण खरोखरीचं भाजतं, काही जणांना तर एकदाच लावून चोवीस तासांच्या आत. पॅचवर शेक नाही, क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचं नाही, आणि गरम पाण्याने आंघोळ केल्या केल्या लावायचा नाही, अंग गार होऊ द्यायचं.

भाजलंय की ॲलर्जी आहे हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि हे मी प्रत्येक पेशंटला सांगते. लालीचा आकार बघा. पॅचच्या कडेला जिथे संपायला पाहिजे तिथेच सरळ रेषेत संपली, खाजेपेक्षा आग जास्त, काही तासांतच उठली आणि पॅच काढल्यावर दिवस-दोन दिवसांत उतरायला लागली, तर ते बहुतेक डिवचलं गेलंय. ॲलर्जीचं तसं नसतं. ती निवांत येते, पॅच लावल्यावर एक-दोन दिवसांनी, बऱ्याचदा पॅच काढून टाकल्यानंतर, भयंकर खाजते, बारीक पाण्याचे फोड येतात, चौकोनाच्या कडा फिसकटतात आणि लाली बाहेर पसरत जाते. म्हणून आज रात्री यजमानांना नाहीतर मुलीला सांगा, साधं बॉलपेन घेऊन लालीच्या भोवती कडेकडेने रेघ मारायची आणि मोबाईलवर फोटो काढायचा. उद्या सकाळी उजेडात बघा. लाली रेघेच्या आत सरकली असेल तर निश्चिंत राहा, रेघ ओलांडून गेली, फोड भरले, पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि जाताना पॅचचं पाकीट बरोबर घ्या. नुसतं 'हिरव्या पाकिटातला' असं सांगितलं की आम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. आणि पॅच लावल्यावर ओठ-डोळे सुजले, धाप लागली तर पॅच ओढून काढायचा आणि सरळ १०८ ला फोन. ॲस्पिरिनने ज्यांना दमा उठतो त्यांनी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे किंवा सॅलिसिलेटचे पॅच डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नयेत.

मेडिकलमध्ये जाऊन 'काहीतरी लावायला द्या' म्हणू नका, ही मात्र अगदी हात जोडून विनंती. तिथून बऱ्याचदा मिळते ती ट्यूब म्हणजे जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र कालवलेलं. दोन दिवस छान वाटतं, मग लोक महिनोन्‌महिने चोळत बसतात, कातडी पातळ होते आणि त्याआड बुरशी माजते. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला तो उगाच नाही. गरज पडली तर आम्ही पण स्टेरॉइड देतो, पण मोजून आणि मोजक्या दिवसांसाठी.

कधीच लावायचा नाही का, तर तसं नाही. ही जागा पूर्ण बरी होऊ द्या, मग लावायचा झाला तर कोरड्या कातडीवर, तेल-लोशन न लावता, पाकिटावर लिहिलेत तेवढेच तास, आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा नको. पहिल्यांदा तासाभराने कोपरा उचलून बघायचा. पण पुढे कधी ॲलर्जीची लक्षणं दिसली तर मात्र ते औषध कायमचं बंद, कारण ॲलर्जी विसरत नाही, दर वेळी लवकर आणि जोरात येते. दोष औषधाचा की गोंदाचा हे पण बघावं लागतं. साध्या चिकटपट्टीने पण तुम्हाला उठत असेल तर गोंदावर संशय, काही गोंदांत राळ असते आणि राळेची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. नक्की करायचं तर पॅच टेस्ट असते, संशय असलेल्या वस्तू पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवसाच्या आसपास परत एकदा तिथे काही उठलंय का बघतात. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोग विभाग आहे, जवळचा कुठला पडेल तिथे चौकशी करा. तोवर पाठ भिजवायची नसते आणि घाम पण नको, त्यामुळे थंडीत केलेली बरी. आणि हो, कंबर महिनाभर दुखतच असेल तर एकदा कंबर पण दाखवा.

प्रश्न : उद्या माझा मणक्याचा एमआरआय आहे, पाठीला पॅच लावलाय, तसाच ठेवला तर चालेल का? (दादर)

उत्तर : नाही. काही पॅचच्या पाठच्या थरात धातूचा पातळ पत्रा असतो, दिसत नाही, पण मशीनमध्ये तो तापून भाजल्याच्या घटना झाल्यात, २००९ मध्ये एफडीएने त्याबद्दल सूचना काढली होती. टेक्निशियनला आधी सांगा. पॅच डॉक्टरांनी दिलेला असेल तर कधी काढायचा आणि परत कधी लावायचा हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची, आम्ही गिरगावात राहतो. मणक्याला फ्रॅक्चर आहे म्हणून दुखण्यावर इलाज करणाऱ्या (पेन क्लिनिकच्या) डॉक्टरांनी आठवडाभर ठेवायचा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच दिलाय. दुखणं खूप कमी झालं पण पॅचखाली खाजतं, काढल्यावर लाल दिसतं आणि मागच्या रविवारी काढताना कातडीचा पापुद्राच निघाला, आई कळवळली. भाऊ म्हणतो बंद करून टाक. काय करू?

उत्तर : दादा, वाचून वाईट वाटलं. माझ्या आईच्या पाठीवरची चिकटपट्टी एका नर्सिंग होममध्ये घाईत झर्रकन ओढली होती, रुपयाएवढी कातडी तिच्याबरोबर गेली आणि ती जागा भरायला तीन आठवडे लागले. म्हातारपणी कातडी सिगरेटच्या कागदासारखी होते, तिला ओढायचं नसतं, सोलायचं पण नसतं. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पॅचची कड कातडीला समांतर, मागे दुमडत दुमडत न्यायची, वर उचलायची नाही, केसांच्या दिशेनेच. दोन मिनिटं लागली तर लागू देत. साधे बामाचे पॅच असते तर मी कडेला खोबरेल तेल सोडायला सांगितलं असतं, पण ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटॅनिल अशा अफूच्या जातीच्या औषधांच्या पॅचला तेल, साबण, स्पिरिट काही नको, त्याने औषध आत शिरायचं प्रमाण बदलू शकतं. फक्त साधं पाणी. पापुद्रा निघालाय तिथे न चिकटणारी पट्टी ठेवा, आणि जागा भरेपर्यंत त्याच्या जवळपास पण पॅच नको.

पॅचखाली थोडी खाज आणि फिकट लाली या औषधाला नेहमीची आहे, एक-दोन दिवसांत उतरते. यात जागा बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. दंडाची बाहेरची बाजू, छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, कुशी (काखेखाली छातीची बाजू), हे दोन्ही बाजूंना मिळून आठ जागा झाल्या, आणि एका जागेवर परत यायला तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत 'डावा दंड', 'उजवी कुशी' असं लिहून ठेवा, नाहीतर लक्षात राहत नाही. तिथले केस वस्ताऱ्याने काढू नका, कात्रीने बारीक करा.

भावाला मात्र सांगा, आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे अफूच्या जातीचं औषध आहे, एकदम थांबवलं तर दुखणं उसळतंच पण घाम, जुलाब, बेचैनी असं पण सुरू होऊ शकतं. फोड आले किंवा लाली पॅचच्या बाहेर गेली तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, ते बदलून देतील. आणि आईला शेक द्यायचा नाही पॅचवर, ऊन पाण्याची पिशवी नाही, ताप आला तरी डॉक्टरांना कळवा, उष्णतेने डोस वाढतो. नेहमीपेक्षा जास्त झोप, हाक मारली तरी नीट ओ देत नाही, श्वास संथ झालाय असं दिसलं तर पॅच काढा आणि तडक हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. काढलेल्या पॅचमध्ये पण औषध उरलेलं असतं, तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही असा टाका.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, चेंबूरला राहतो, कुरियरचं काम, दिवसभर बाईकवर. मनगट दुखत होतं म्हणून मामाने जपानहून आणलेले पॅच लावले, मस्त आराम पडला, काही झालं नाही. पण बंद करून आठ दिवस झाल्यावर मनगटावर पॅचच्या मापाची लाली आणि फोड आले, भयंकर खाज. पॅच नाहीच तर रिॲक्शन कशी? आता सनस्क्रीन लावून फिरतो तर अजून वाढलं.

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला आधी पाकीटच बघावंसं वाटलं. त्यावर केटोप्रोफेन (एक वेदनाशामक) लिहिलंय का बघ, जपानी येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर कर. जपानमध्ये हे पॅच खूप वापरतात, औषध चांगलं आहे, पण ते कातडीत मुरून राहतं आणि त्यावर ऊन पडलं की काही जणांना ॲलर्जी उठते. नुसतं औषध असताना काही नाही, औषध आणि ऊन एकत्र आलं की होतं. म्हणून युरोपात पॅच काढल्यावर दोन आठवडे आणि जपानात किमान चार आठवडे ती जागा उन्हापासून झाकायला सांगतात. मामाला कोणी सांगितलं नसणार, मामाने तुला सांगितलं नाही, आणि तू भर दुपारी मनगट उघडं ठेवून बाईक चालवलीस. ढग असले तरी होतं, काचेतून पण होतं.

सनस्क्रीनने वाढलं त्याला पण कारण आहे. केटोप्रोफेनची अशी ॲलर्जी झालेल्यांना सनस्क्रीनमधलं ऑक्टोक्रायलीन पण बऱ्याचदा सोसत नाही. तुझ्या ट्यूबवर ते असेल तर आजच बंद कर. सध्या क्रीमच्या नादी न लागता कापड वापर, जाडसर, गडद रंगाचा पूर्ण बाहीचा शर्ट आणि ग्लोव्ह, मनगट आणि बाहीच्या मधे फट राहता कामा नये, सिग्नलला थांबल्यावर बाही वर सरकते तिकडे लक्ष ठेव. फोड आलेत म्हणजे हे अंगावर काढू नकोस, या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरला दाखव, स्टेरॉइडची गरज लागेल असं दिसतंय आणि ते त्यांनीच ठरवायचं. बरं झाल्यावर तिथे काळपट डाग राहील, आपल्या रंगाच्या कातडीला राहतोच, काही महिन्यांत जातो, घासून काढायला जाऊ नकोस.

जमलं तर १८००-१८०-३०२४ वर फोन करून हे नोंदव. औषधांच्या रिॲक्शन नोंदवायची ही देशभराची टोल फ्री लाइन आहे, पेशंट स्वतः करू शकतो, औषधाचं नाव हाताशी ठेव. आणि उरलेले पॅच मित्रांना वाटू नकोस, मामाला फोन करून सांग की त्याने अजून कोणाकोणाला दिलेत त्यांनाही उन्हाचं कळव.