अस्थिमज्जा, मज्जारज्जू, मेरुरज्जू : मज्जा नक्की कुठली?

प्रश्न असा आहे : 'बोन मॅरोला आपण अस्थिमज्जा म्हणतो आणि स्पायनल कॉर्डला मज्जारज्जू. मग कण्यातून जाते तीही मज्जाच का? आणि तसं असेल तर मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मेरुरज्जू, चेतासंस्था असे शब्द का? बरोबर कोणता धरायचा?'

आधी थेट उत्तर. हाडातली मज्जा आणि कण्यातली दोरी या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत रक्त तयार होतं, दुसरीतून मेंदूचे निरोप जातात-येतात. मज्जारज्जू हा शब्द चुकीचा नाही, पण मेरुरज्जू वापरला तर घोटाळा टळतो. आता हे नाव एक कसं झालं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. (गंमत या अर्थाची 'मज्जा' फारसी 'मजा'वरून आलेली, तिचा इथे संबंध नाही.)

संस्कृतात मज्जा म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये रस, रक्त, मांस, मेद, अस्थी यांच्यानंतर सहावा क्रमांक तिचा. मटणाच्या रश्श्यातली नळी चोखून खाणाऱ्यांना ती वेगळी ओळखवून द्यायला नको. पण हाडाने वेढलेला दुसराही एक मऊ पदार्थ शरीरात आहे, कवटीत आणि कण्यात. दोन्हींना एकच नाव देण्याचा मोह जगभर झालेला दिसतो. लॅटिनमध्ये 'मेड्युला' म्हणजे मज्जा, आणि मेरुरज्जूलाही मेड्युलाच. जर्मन आजही 'रुकेनमार्क' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाठीची मज्जा. उर्दूत तिला 'हराम मग्ज' म्हणतात आणि 'मग्ज' म्हणजे गर, मज्जा, मेंदू सगळंच. आपल्या मगजमारीतला मगज तोच. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा मग्ज, संस्कृत मज्जा, इंग्रजी मॅरो आणि मेंदूला रशियन लोक म्हणतात तो 'मोझ्ग' हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. तेव्हा नर्व्हस सिस्टीमला चेतासंस्थेऐवजी मज्जासंस्था म्हणणाऱ्या मराठी माणसाने ओशाळण्याचं काही कारण नाही.

डॉक्टरांची ग्रीकही याला अपवाद नाही. 'मायलॉस' म्हणजे मज्जा. त्यावरून मायलोमा हा कर्करोग अस्थिमज्जेतल्या पेशींचा, पण मायलायटिस ही सूज मेरुरज्जूची. ऑस्टिओमायलायटिस म्हटलं की परत हाडात. पोलिओचं पूर्ण नाव पोलिओमायलायटिस, आणि 'पोलिऑस' म्हणजे करडा. मेरुरज्जू आडवा कापून पाहिला तर मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी (नर्व्ह सेल्स) तिथेच, त्याच्या पुढच्या बाजूला असतात आणि पोलिओचा विषाणू नेमका त्यांचा नाश करतो. म्हणजे 'पल्स पोलिओ'चे डोस पाजताना आपण सगळे वर्षानुवर्षं नुसतं 'करडा, करडा' म्हणत आलो. करड्याभोवतीचा भाग पांढरा दिसतो तो तंतूंवरच्या मायलिन नावाच्या स्निग्ध वेष्टणामुळे. हे नाव फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने 1854 मध्ये दिलं, तेही मायलॉसवरूनच.

नाव एक असलं तरी या दोन मज्जांचं कूळ मात्र वेगळं आहे. गर्भ तिसऱ्या आठवड्यात तीन थरांचा होतो. अस्थिमज्जा, हाडं, स्नायू, रक्त हे मधल्या थरातून येतात. मेंदू आणि मेरुरज्जू येतात बाहेरच्या थरातून, ज्यातून पुढे त्वचेचा वरचा पापुद्रा बनतो. या थराचा पाठीकडचा एक पट्टा जाड होतो, मध्ये खळगा पडतो, दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळाव्यात तशा एकमेकींना चिकटतात. तयार झालेली नळी आत जाते, त्वचा वरून बंद होते. जुळणी मानेच्या भागात सुरू होऊन वर आणि खाली अशी दोन्हीकडे सरकते. डोक्याकडचं तोंड फलनानंतर साधारण 25व्या दिवशी मिटतं, शेपटीकडचं 28व्या दिवसाच्या सुमारास. खालचं उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा. वरचं उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट घडतच नाहीत. यातलं बरंचसं फॉलिक अॅसिडने टाळता येतं, पण दिवस राहिल्याची खात्री होईपर्यंत नळी बहुधा मिटलेलीही असते. म्हणून रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायला सांगतात.

नळीच्या वरच्या टोकाला चौथ्या आठवड्यात तीन फुगे येतात, पुढच्या आठवड्यात त्यांचे पाच होतात, आणि मेंदूचे सगळे भाग त्यांतूनच घडतात. उरलेली नळी म्हणजे मेरुरज्जू. नळीतली पोकळीसुद्धा नाहीशी होत नाही. मेंदूत तिच्या द्रवाने भरलेल्या कोठड्या होतात. बाहेर पडणाऱ्या चेतांच्या, म्हणजे नर्व्हच्या, जोड्या मेंदूपासून 12 आणि मेरुरज्जूपासून 31. प्रौढ मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या लांब तंतूंवर मायलिन चढायला जन्माआधीच सुरुवात होते, पण कपाळामागच्या भागात ते काम विशीतही चालू असतं.

आता ज्या कारणासाठी मी मेरुरज्जू शब्दाची बाजू घेतो ते सांगतो. रुग्णालयात दोन वेगवेगळ्या तपासण्यांसाठी माणसाला कुशीवर झोपवून पाठीमागून सुई टोचतात. एकीत अस्थिमज्जा काढतात, ती बहुतेक वेळा कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून. दुसरीत 'पाठीतलं पाणी' काढतात, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूभोवतीचा द्रव. बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर 'मज्जा काढणार' एवढंच पडतं, मज्जारज्जू हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला असतो, आणि 'त्या सुईने पाय जातात म्हणे' ही कुजबुज सुरू होते. खरं तर पहिल्या सुईचा मेरुरज्जूशी संबंधच नाही. दुसरी सुईही त्याच्या खाली टोचतात. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू जेमतेम 45 सेंटिमीटरचा, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपणारा, आणि सुई जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून.

रज्जू इतका आखूड का? गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात तो कण्याच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. मग कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी असतं, पुढे आणखी वर गेल्यासारखं दिसतं. खालच्या चेता मात्र आपापल्या मणक्याशी बांधलेल्या, म्हणून त्या लांबत जाऊन शेवटी एक झुबका लोंबकळत राहतो. त्याचं लॅटिन नाव 'कॉडा इक्विना', घोड्याचं शेपूट. सुई या झुबक्याच्या भागात शिरते. तिथले तंतू द्रवात तरंगत असल्यामुळे सहसा बाजूला सरकतात.

चेतासंस्था या शब्दाबद्दल. 'चेता' हा चेतना, चेतवणे यांच्या घरातला. गुजरातीतही चेतातंत्रच म्हणतात. मला तो आवडतो, कारण तो वस्तू कशी दिसते हे न सांगता ती काय करते हे सांगतो, आणि चेतापेशी, चेताक्षेपक असे पुढचे शब्द सहज पाडता येतात. मराठी विश्वकोशाने हिंदीसारखा तंत्रिका तंत्र शब्द घेतला. तो बोलण्यात काही रुळला नाही.

शेजारच्या भाषांमधून अनुवाद करणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. बंगालीत 'स्नायु' म्हणजे नर्व्ह, मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे मसल आणि 'कोशिका' म्हणजे सेल, आपली पेशी म्हणजे सेल. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि पेशी 500 सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट धागे आणि पेशी म्हणजे मांसाचे गोळे. म्हणजे सुश्रुताची पेशी हिंदीने बऱ्यापैकी जपली, आपण दोन्ही शब्द हलवले. याच स्नायूचा लांबचा भाऊ म्हणजे ग्रीक 'न्यूरॉन', ज्याचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी, शरीरातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. ग्रीकांचीही कंडरा आणि चेता यांत गल्लत होत असे. ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने प्रेतं उघडून सोडवली.

आपल्या 'नस'ची गल्लत अजून सुटायची आहे. 'मणक्यात नस दबली' म्हणतो तेव्हा ती चेता, 'मनगटाची नस कापली' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी, आणि रात्री झोपेत पोटरीची 'नस चढते' तेव्हा प्रत्यक्षात चढलेला असतो स्नायू. बोलताना हे चालतं, समोरच्याला संदर्भाने कळतं. लिहिताना, विशेषतः रुग्णांसाठीच्या पत्रकात, नस शब्द टाळून चेता, रक्तवाहिनी किंवा स्नायू यांतलं जे असेल ते लिहावं, आणि मज्जा म्हणायचं असेल तेव्हा आधी 'अस्थि' लावायला विसरू नये.