फायबरचं नेट दिवसातून चारदा जातं, रात्री स्लो होतं, लाइनमन म्हणतो राउटर बदला. बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरला डुप्लेक्स, १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. दिवसातून तीन-चार वेळा नेट जातं आणि तेव्हा राउटरवर लाल दिवा लुकलुकतो. रात्री स्पीड ८-१० वर येतो. वरच्या खोलीत वायफाय नावालाच. लाइनमन म्हणतो राउटर बदला.

इतक्यात नका बदलू. तुम्ही जे लिहिलंय त्यात तीन वेगळी दुखणी आहेत, आणि लाल दिव्याचं दुखणं नवा राउटर घेऊन जाईल असं मला अजिबात वाटत नाही. त्या दिव्यापाशी एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल हरवला) लिहिलंय का ते बघा. असेल तर फायबरमधून बाहेरून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोचत नाहीये. वायफाय, मोबाइल, लॅपटॉप यांचा तिथे काही संबंधच नाही. अशा वेळी दोष जवळजवळ नेहमी तारेत किंवा तिच्या जोडांत निघतो.

मी हे अनुभवावरून सांगतेय. बेसा भागात आमचं रो-हाउस आहे आणि माझं सगळं काम घरूनच चालतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्याकडे अगदी असंच सुरू झालं. लाइनमन आला, त्याच्यासमोर नेमका हिरवा दिवा. "ताई, लाइन तर बरोबर दाखवून राहिली. राउटर खराब झाला तुमचा, नवा घ्या न." घेतला. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि तेही क्लायंटची मीटिंग सुरू असताना. मग मी नेट गेलं की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायला लागले. दहा-बारा दिवसांनी सगळ्या वेळा एकत्र पाहिल्या तर पहाटे किंवा सकाळी एकदाही नेट गेलेलं नव्हतं. जे काही होत होतं ते दुपारी बारानंतर, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत. तेवढ्या वेळात आमच्याकडे हॉलच्या खिडकीतला कूलर चालू असतो.

फायबरची बारीक काळी केबल त्याच खिडकीच्या कोपऱ्यातून आत आलेली होती. मार्चअखेरीस कूलर बसवताना ती पत्रा आणि खिडकीची चौकट यांच्यामध्ये दाबली गेली आणि जवळजवळ काटकोनात वळली. कूलर सुरू झाला की पत्रा थरथरायचा आणि लाइन तुटायची. पुढच्या वेळी आलेल्या मुलाकडे पॉवर मीटर, म्हणजे तारेतला प्रकाश मोजायचं यंत्र होतं. त्याने भिंतीबाहेरच्या डब्यात मोजलं तर उणे १९ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक), घरात राउटरपाशी उणे २८. हे आकडे साध्या वजाबाकीचे नाहीत. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे त्या पाच-सहा हातांच्या तुकड्यात प्रकाशाचा आठवा हिस्साच शिल्लक राहत होता! काचेच्या तारेत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो, वळण फार आवळलं की तो बाहेर निसटतो. घरात टाकायला जी वाकणं सोसणारी तार असते, तिलाही साधारण १० मिलिमीटर त्रिज्येहून आवळ वळण सोसत नाही. जुन्या प्रकारच्या तारेला तर ३० मिलिमीटरची मोकळीक लागते. त्याने तो तुकडा बदलला, भिंतीला वेगळं भोक पाडून केबल आत घेतली. आकडा उणे २० वर आला आणि लाल दिवा त्यानंतर दिसलेला नाही.

तुमच्याकडे कूलरच कारण असेल असं नाही. केबल दाराच्या फटीत चेपली असेल, खांबावरच्या जोडात पाणी गेलं असेल, किंवा गल्लीत सिमेंट रोडच्या खोदकामात केबल तुटून घाईघाईत जोडली असेल. म्हणून आज केबल जिथून आत येते तिथपासून राउटरपर्यंत हात फिरवत जा. कुठे आवळून बांधलेली, खिळ्याखाली दाबलेली, कपाटामागे चेपलेली दिसते का बघा. राउटरमध्ये शिरणारा हिरवा कनेक्टर पूर्ण आत बसलाय का तेही बघा. निळा कनेक्टर हिरव्याशी जोडलेला दिसला तर लाइनमनला नक्की दाखवा. दोन्हींची टोकं वेगवेगळ्या कोनात घासलेली असतात आणि तिथेच प्रकाश वाया जातो. एक काळजी मात्र घ्या: निघालेलं टोक डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो बंद आहे असं समजू नका.

प्रकाशाचा आकडा बरेचदा घरबसल्या दिसतो. राउटरच्या तळाशी स्टिकरवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमधून आत गेलात की पॉन किंवा ऑप्टिकल नावाच्या पानावर आरएक्स पॉवर सापडेल. उणे १५ ते उणे २५ यांच्यामध्ये असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ ही नेहमीच्या राउटरांची सीमा, तिथे गेलं की नेट आज चालेल, उद्या नाही. कंपनीने ते पान बंद ठेवलं असेल तर लाइनमनला पॉवर मीटर घेऊनच बोलवा आणि बाहेर आणि आत दोन्हीकडे तुमच्यासमोर मोजायला सांगा. दोन्ही आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तेवढे हातात असले की "राउटर बदला" हे उत्तर कुणी देत नाही.

आता रात्रीचा स्पीड. मोबाइलवर मोजून काहीच कळत नाही, कारण त्यात वायफायचा दोषही मिसळतो. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद करा, आणि सकाळी सहाला व रात्री नऊला एकेकदा स्पीड टेस्ट करा. सकाळी ९४-९५ आणि रात्री १० आला, तर गर्दी तुमच्या ऑपरेटरकडे आहे. एका फायबरवर बहुधा ३२ किंवा ६४ घरं असतात आणि त्या सगळ्यांत मिळून खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस. तेवढं खरं तर पुरतं. कमी पडते ती ऑपरेटरने पुढे घेतलेली जोडणी, आणि त्यावर घरात काहीही केलं तरी उपाय नाही. दोन्ही वेळा केबलवर नीट स्पीड मिळाला, तर दोष तुमच्या वायफायचा.

हाच निवाडा दुसऱ्या रीतीनेही होतो आणि मला ती जास्त आवडते. रात्री नेट अडखळायला लागलं की लॅपटॉप वायफायवरच ठेवून दोन कमांड खिडक्यांत पिंग (समोरच्या पत्त्याकडून उत्तर येतं का आणि किती वेळात, हे दाखवणारी कमांड) चालू करा, एकीत राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत गूगलचा ८.८.८.८. राउटरकडून येणारी उत्तरंच गळत असतील तर हवेतला, म्हणजे वायफायचा दोष. राउटर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि फक्त दुसरी खिडकी अडतेय, तर दोष बाहेरचा. पाच मिनिटांत कळतं आणि खर्च शून्य.

वरच्या खोलीचं कारण सरळ आहे, मध्ये सळयांचा स्लॅब आहे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण स्लॅबमधून फारसं जात नाही. २.४ वर वरपर्यंत पोचतं, पण तिथे शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची दाटी. २.४ वापरायचंच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच मोकळा असेल तो निवडा, मधले एकमेकांवर चढतात. राउटर टीव्हीमागून काढा. कूलरच्या रेषेत तर ठेवूच नका, पत्रा वायफाय अडवतो आणि टाकीतलं पाणी ते शोषून घेतं.

रिपीटर मात्र घेऊ नका. तो खालचं अशक्त वायफायच उचलून पुन्हा वाटतो, आणि एकाच बँडवर चालणारा असेल तर स्पीड निम्मा होतो. जिन्याच्या कडेने कॅट ६ केबल वर न्या, घेताना शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात देतील ती नको. वरच्या टोकाला जुना राउटर लावा. त्याचं डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या, आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅनच्या भोकात घाला. आमच्याकडे वर तोच पहिला राउटर चालतोय, जो खराब झाला म्हणून सांगितलं होतं.

लाइट जाताच नेट जात असेल तर ती चौथी गोष्ट, आणि सोपी. ऑपरेटरच्या केंद्रापासून घरापर्यंतच्या फायबरला मध्ये वीज लागत नाही, त्यामुळे राउटरला त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की बरेचदा काम भागतं. व्होल्ट आणि अँपिअर ॲडॉप्टरवर वाचून मगच घ्या.

तक्रार फोनवर तोंडी ठेवू नका, क्रमांक मागून घ्या आणि त्यात प्रकाशाचे दोन्ही आकडे, नेट गेल्याच्या वेळा लिहा. मोठ्या कंपनीचं कनेक्शन असेल आणि उत्तर पटलं नाही, तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. आरएक्स पॉवरचा आकडा सापडला की इथेच खाली लिहा, दिवसाचा आणि रात्रीचा दोन्ही. बघून सांगते.