कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) मेमरी लीक ही सुरक्षेची त्रुटी का मानतात, आणि ती दुरुस्त कशी करायची?

साधा प्रोग्रॅम बंद झाला की त्याची मेमरी सिस्टिम परत घेते. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी मात्र सोडायची राहिली, तर ती रीबूट होईपर्यंत अडकते. साधा युजर एखादा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) पुन्हा पुन्हा चालवून ती गळती घडवू शकत असेल, तर तो अख्खं मशीन ठप्प करू शकतो. म्हणून ही त्रुटी.

लिनक्समध्ये शोधासाठी 'केमेमलीक' आहे, २.६.३१ आवृत्तीपासून. कर्नल बांधताना ते चालू ठेवा, संशयित कोड चालवा आणि स्कॅन करा. ज्या ब्लॉककडे कुठलाच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जात नाही तो ब्लॉक, आणि तो कोणत्या फंक्शनने मागितला, हे दोन्ही दिसतं. कधी चुकीचा इशाराही मिळतो, त्यामुळे कोड वाचल्याशिवाय काही बदलू नका.

दोष बहुधा एरर पाथमध्ये (चूक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) सापडतो: तिसरी पायरी फसली, फंक्शन तिथूनच परतलं, पहिल्या दोन पायऱ्यांची मेमरी तशीच राहिली. उपाय म्हणजे 'गोटू'ने साफसफाईच्या लेबलांवर उडी मारून उलट्या क्रमाने सगळं सोडणं. कर्नल ६.५ पासून व्हेरिएबलची व्याप्ती (स्कोप) संपताच आपोआप मोकळं करणारे मॅक्रोही आहेत. नव्या कोडमध्ये मी तेच वापरेन.

रेफरन्स काउंटची (एखादं ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीची) गळती मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. २०१६ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१६-०७२८ या क्रमांकाच्या त्रुटीमध्ये कीरिंगचा (कर्नलमधल्या किल्ल्यांच्या साठ्याचा) काउंट वाढत वाढत ओव्हरफ्लो होऊन शून्यावर यायचा, वापरातलं ऑब्जेक्ट मोकळं व्हायचं आणि साध्या युजरला रूट (मशीनवरचा पूर्ण अधिकार) मिळू शकायचा. अशा जागी साध्या ॲटॉमिक काउंटरऐवजी 'रेफकाउंट-टी' वापरा. तो मर्यादेला पोचला की तिथेच थांबतो.